हस्ते पोच

(रंगाचा वास असलेली एक खोली. भिंतीला नव्या फळ्या, जमिनीवर रेकॉर्डींची खोकी, कोपऱ्यात प्लेअर. एक माणूस स्टुलावर चढून फळी ठोकतोय. त्याला घरीदारी सगळे उस्ताद म्हणतात. खाली उभे आहेत ते त्याचे भाऊजी, बहिणीचा नवरा. ऑफिसातला शेवटचा दिवस संपवून ते थेट इथे आले आहेत.)

उस्ताद: ...आणि या वरच्या फळीवर भांडणानंतरच्या.

भाऊजी: कशानंतरच्या?

उस्ताद: भांडणानंतरच्या! असं बघा, नवराबायकोचं कडाक्याचं भांडण होतं. माणूस पायात चप्पल सरकवून बाहेर पडतो, चालत सुटतो आणि आपल्या दुकानात शिरतो. त्याला गायकाचं नाव नको असतं भाऊजी. त्याला औषध हवं असतं.

भाऊजी: आणि भांडणाच्या आधीच्या कुठे?

उस्ताद: आधीच्या?

भाऊजी: एखाद्याने आधीच ऐकली तर भांडण टळेल. माणूस घरीच राहील.

उस्ताद: करा चेष्टा. पण जगात एक दुकान दाखवा, जिथे रेकॉर्डी मनाच्या अवस्थेप्रमाणे लावल्यात. त्या मोठ्या साखळीवाल्यांकडे जा, सगळं अ पासून ज्ञ पर्यंत. जसं काही टेलिफोनची डिरेक्टरी विकतायत! आपलं स्वतंत्र दुकान आहे. स्वतंत्र! वर कंपनी नाही, साहेब नाही, परिपत्रक नाही.

भाऊजी: परिपत्रक नाही म्हटलं की मला जरा धाकधूक होते.

उस्ताद: होईल सवय.

भाऊजी: उदास कुठे लावल्यास?

उस्ताद: त्या डावीकडच्या. खालच्या तिन्ही फळ्या.

भाऊजी: तीन फळ्या उदास?

उस्ताद: मागणीच तशी आहे, त्याला मी काय करू?

भाऊजी: बरं. मी आपला प्रत्येकीवर नंबर टाकलाय. आवक क्रमांक एक ते अकराशे चाळीस. मग तू त्यांना उदास ठेव नाहीतर आनंदी ठेव. मागितली की सापडली पाहिजे.

उस्ताद: तेच तर! मी मन, तुम्ही नंबर. म्हणून तर आपलं जमलं. अकरा वर्षं, भाऊजी! मी पहिल्यांदा तुम्हाला हे दुकानाचं बोललो, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?

भाऊजी: लेखी दे, म्हणालो होतो.

उस्ताद: आणि मी दिलं!

भाऊजी: दिलंस. सहा पानं. त्यातली साडेपाच, दुकानात खुर्ची कशी असावी यावर होती.

उस्ताद: आरामखुर्ची. गिऱ्हाईकाने मान मागे टाकून ऐकायची. बघा ना तुम्ही, सोमवारी दुकान उघडलं की पहिला माणूस येईल, बसेल, मी सुई ठेवीन, आणि... बरं, ते जाऊ दे. निरोपसमारंभ कसा झाला, ते सांगा की.

भाऊजी: झाला. साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, माझ्या जाण्याने पाणीपुरवठा कार्यालयात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

उस्ताद: वा!

भाऊजी: ती सोमवारी भरणार आहे.

उस्ताद: म्हणजे?

भाऊजी: तशी पद्धतच आहे. पोकळी शनिवार-रविवार ठेवतात.

उस्ताद: हां. ते आहेच म्हणा. तो हातोडा द्या जरा.

भाऊजी: हातातच आहे तुझ्या.

उस्ताद: अरेच्चा. हो की.

भाऊजी: भिंतीवरचं घड्याळ दिलं मला. सव्वीस वर्षं मी कधी पाचच्या आत टेबलावरून उठलो नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की माझ्याकडे घड्याळ नसावं.

उस्ताद: छान आहे. इथेच लावू. काउंटरच्या मागे.

भाऊजी: बरं, सोमवारी कुलूप कोण उघडायचं?

उस्ताद: तुम्ही! मान तुमचाच.

भाऊजी: आणि तू?

उस्ताद: मी असणारच की. मनाने तर मी पहिल्या मिनिटापासून...

भाऊजी: मनाने नको. किती वाजता?

उस्ताद: सोमवारी ना, भाऊजी, सकाळी जरा एक काम आहे. दाताचं.

भाऊजी: मंगळवारी ये मग.

उस्ताद: दाताचं काम एका दिवसात कुठे होतंय? आज कोरतात, उद्या बोलावतात, परवा पुन्हा कोरतात.

भाऊजी: किती दिवस चालेल?

उस्ताद: डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

भाऊजी: अंदाजे? निवृत्तीचं वय होईपर्यंत?

उस्ताद: काहीतरीच काय!

भाऊजी: विचारतो आपला. कारण सोमवारी कोणी आलं आणि म्हणालं, ट्रम्पेटची एखादी चांगली दाखवा, तर मी काय दाखवू? मला ट्रम्पेट आणि सायकलचा भोंगा यातला फरक कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. या अकराशे चाळिसांतली एकही मी ऐकलेली नाही. पुसल्या सगळ्या. नंबर घातले सगळ्यांना. ऐकायचं खातं तुझ्याकडे होतं.

उस्ताद: तुम्ही नुसतं हसायचं आणि म्हणायचं, ऐकून बघा. इतकं सोपं असतं हो!

भाऊजी: इतकं सोपं होतं, तर अकरा वर्षं तू मला का सांगत होतास की तुझ्याशिवाय हे दुकान म्हणजे नुसतं गोदाम?

ताई: अहो, दार उघडंच टाकलंय होय? हा घ्या चहा. थर्मास भरून आणलाय. काय झालं? असे का उभे आहात दोघं?

भाऊजी: ये. तुझा भाऊ दातांचं सांगत होता.

ताई: दातांचं? बत्तीसच्या बत्तीस धड आहेत त्याचे. परवा माझ्या देखत बाटलीचं झाकण उघडलंन दातांनी.

उस्ताद: ताई!

ताई: काय ताई? मग काय खोटं बोलू?

भाऊजी: नको नको. एका घरात दोघं नकोत. उस्ताद, खाली उतर. एक सही हवीय.

उस्ताद: कशावर?

भाऊजी: पोचवहीवर. टपाल आलंय तुझं.

उस्ताद: ही तर ऑफिसची वही. तुम्ही ऑफिसची वही बाहेर आणलीत? तुम्ही?

भाऊजी: सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पत्रावर 'हस्ते पोच' असा शेरा होता. शिपाई निघाला होता तुझ्या घरी. म्हटलं, राहू दे, घरचाच माणूस आहे, मी देतो.

ताई: अहो, ते चहाचं...

भाऊजी: चहा ओत ना तू. मी बोलतोय, त्याचा आणि चहाचा काही संबंध नाही. जावक क्रमांक सातशे एकोणनव्वद. माझ्या हातची शेवटची नोंद. उस्ताद, आवक आणि जावक यातला फरक तुला सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. येणारं पाकीट बंद असतं. त्यावर 'व्यक्तिगत' लिहिलेलं असलं की आपण नुसता शिक्का मारायचा, आत काय आहे ते बघायचं नाही. जाणारं पत्र मात्र उघडं येतं. विषय वहीत लिहिल्याशिवाय त्याला नंबर पडत नाही. त्यामुळे विषय वाचावाच लागतो. हे घे. वाच.

उस्ताद: वाचतो की घरी जाऊन.

भाऊजी: मग तू वाच गं. तुला चष्मा लागत नाही.

ताई: मला काय करायचंय त्याची पत्रं वाचून?

भाऊजी: वाच.

ताई: 'विषय, आवक-जावक लिपिक या पदावर नेमणूक. संदर्भ, आपला दिनांक एक रोजीचा विनंतीअर्ज. आपली विनंती मान्य करण्यात येत असून आपण भांडार विभागातून कार्यमुक्त होऊन येत्या सोमवारी सकाळी...'

भाऊजी: बास. सोमवार सकाळ आली, पुढचं नको. दातांचे डॉक्टर मला माहीत आहेत. सव्वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होतो.

उस्ताद: भाऊजी, मी सांगणारच होतो.

भाऊजी: दिनांक एक. त्या दिवशी आपण दोघांनी राजीनामे द्यायचे होते. एकाच दिवशी, एकाच वेळी. हे कोण म्हणालं होतं?

उस्ताद: मी.

भाऊजी: 'एकट्याने उडी मारली तर अपघात, दोघांनी मारली तर भागीदारी.' हे वाक्य कोणाचं?

उस्ताद: माझंच.

भाऊजी: साडेदहाला तू माझ्या टेबलापाशी आलास. पाकीट देताना माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, पोर हळवं झालंय. पाकिटावर 'व्यक्तिगत' होतं, म्हणून उघडलं नाही. मी कोणाचंच उघडलं नाही कधी. साहेबांच्या बायकोने साहेबांना ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेलंसुद्धा. सगळे म्हणत होते उघडा, तरी नाही. तुझ्या पाकिटावर 'प्रति' लिहायचं राहिलं होतं. ते मी लिहिलं. माझ्या पेनाने.

उस्ताद: आठवतंय.

भाऊजी: मग शिक्का मारला. तुझ्या पाकिटाला आधीचा नंबर दिला आणि माझ्या राजीनाम्याला त्याच्या पुढचा. म्हटलं, याचं आधी होऊ दे. म्हणजे साहेबांच्या टेबलावर माझी खुर्ची मागणारा अर्ज आधी पोचला, आणि खुर्ची रिकामी होतेय हा कागद नंतर. साहेबांना वाटलं असेल, काय दूरदृष्टीचं कुटुंब आहे!

उस्ताद: मी राजीनामाच लिहिला होता हो. शपथेवर सांगतो. तीनदा लिहिला. तिसऱ्यांदा तर अक्षरसुद्धा सुंदर आलं होतं.

भाऊजी: मग?

उस्ताद: मग घाबरलो. भांडारात बसून नळांच्या चाव्या मोजतो ना मी, तेव्हा दुकान म्हणजे असं... म्हणजे डोळे मिटले की दिसायचं. खुर्ची, गिऱ्हाईक, संध्याकाळचं ऊन. आणि राजीनामा हातात घेतल्यावर डोळे उघडले तर नुसत्या फळ्या. रोज उघडायचं, रोज झाडायचं. भाऊजी, मला दुकान काढायचं होतं हो. चालवायचं कधी मनातच आलं नव्हतं.

भाऊजी: हे तू एक तारखेला सांगितलं असतंस, तर मी तुला मिठी मारली असती.

उस्ताद: धीर झाला नाही.

भाऊजी: दोन तारखेला?

उस्ताद: तेव्हाही नाही.

भाऊजी: पंधरा तारखेपर्यंत राजीनामा मागे घेता येतो. नियम मीच तुला सांगितला होता. चौदा तारखेला आपण दोघं इथे रंग देत होतो. तुझ्या हातात ब्रश, माझ्या हातात डबा. काय बोललास तू त्या दिवशी?

उस्ताद: नाही आठवत.

भाऊजी: मला आठवतं. 'भाऊजी, या कोपऱ्यात निळा द्यायचा की पिवळा?' मी निळा म्हणालो. तू म्हणालास, पिवळ्याने मन उल्हसित होतं. पाऊण तास आपण त्यावर वाद घातला. त्या पाऊण तासात एक वाक्य मावलं असतं रे.

ताई: पुरे आता. रडवाल त्याला.

भाऊजी: रडू दे. त्याची फळी राखून ठेवलीय त्याने. तीन आहेत. आणि हा आठवडा? मला वाटलं, शिल्लक रजा संपवतोयस. तुझ्या भाच्यांना मी अभिमानाने सांगत होतो, मामा बघा कसा झोकून देऊन फळ्या ठोकतोय.

उस्ताद: अपराधी वाटत होतं म्हणून ठोकत होतो.

भाऊजी: दिसतंयच. दोन खिळ्यांच्या जागी सात मारलेस. एक गोष्ट मात्र मला कळेना. अर्जाची प्रत पत्राला जोडलेली होती. दीड पान. नीटनेटकी. 'कुटुंबातील ज्येष्ठांच्या कामाचा वारसा पुढे चालवण्याची संधी मिळावी.' मी ते वाक्य दोनदा वाचलं. खुर्चीवर साडेपाच पानं लिहिणारा माणूस दीड पानात थांबेल कसा?

उस्ताद: ते मी आपलं...

ताई: मी लिहिला.

उस्ताद: ताई, तू कशाला मध्ये...

ताई: तू गप रे. मी लिहिला. पाकीटही मीच चिकटवलं.

भाऊजी: आणि 'प्रति' लिहायचं विसरलीस.

ताई: घाईत होते. तुम्ही आंघोळीला गेला होतात.

भाऊजी: माझ्या आंघोळीच्या वेळात?

ताई: मग कधी लिहिणार होते? तुमच्यासमोर बसून? आदल्या दिवशी आला हा माझ्याकडे. ओट्याशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. म्हणे, ताई, मला तीन आठवड्यांत कंटाळा येईल, आणि मग मी भाऊजींना तोंड कसं दाखवू? आणि खरंच होतं ते! आठवा ना तुम्ही. कॅमेरा आणलान, कोणाच्या कपाटात आहे? गिटार आणली, कुठे आहे? माशांची टाकी मांडलीन, कोण घालत होतं त्यांना खायला शेवटी?

भाऊजी: मी.

ताई: मग! दुकान याने काढलं तरी चालवणार होता तुम्हीच. मग त्याने कशाला नोकरी सोडायची?

भाऊजी: बरोबर आहे. पटलं. मला कशाला सोडायला लावलीस?

ताई: मी कुठे लावली?

भाऊजी: रात्रंदिवस माझ्याबरोबर होतीस. रोज डबा भरून देत होतीस. शेवटच्या महिन्याचे बावीस डबे. एकाही डब्यात चिठ्ठी नव्हती.

ताई: सांगितलं असतं, तर तुम्ही दिला असता राजीनामा?

भाऊजी: नाही.

ताई: तेच म्हणतेय मी! त्या टेबलाशी आणखी आठ वर्षं चिकटून राहिला असतात. दुसऱ्यांच्या गळक्या नळांच्या तक्रारींवर शिक्के मारत. तुमच्या खांद्याला बाक आलाय, बघितलात कधी आरशात? मला वाटलं, एकदा तरी यांना तिथून उठवावं. तसे तुम्ही आपण होऊन उठणारे नव्हेच. दुकानाच्या निमित्ताने उठलात, म्हटलं बरं झालं. त्यालाही भांडारातल्या चाव्यांपेक्षा बरी टेकायला जागा, तुम्हालाही मोकळी हवा. मी काय वाईट केलं?

भाऊजी: मला ती खुर्ची आवडायची.

ताई: काय?

भाऊजी: ते टेबल मला आवडायचं. सकाळी टपालाची पिशवी आली की मला बरं वाटायचं. आत काय आहे ते ठाऊक नसताना प्रत्येक पाकिटाला आपण एक नंबर देतो, आणि मग ते हरवत नाही. मला शिक्क्याचा आवाज आवडायचा. हसू नकोस.

ताई: हसत नाहीये मी.

भाऊजी: मला कुठे मोकळी हवा हवी होती? मी सोडलं ते हा एकटा पडू नये म्हणून. अकरा वर्षं डोळे मिटून बघतोय बिचारा, म्हटलं, हिशेब ठेवायला, कुलूप लावायला कोणीतरी नको का याच्याबरोबर? आणि तुला वाटलं, मी सुटतोय.

ताई: तुम्ही कधी बोललाच नाहीत.

भाऊजी: कोणी विचारलं नाही. बायकोने नाही, मेहुण्याने नाही. साहेबांनी विचारलं आज, पण ते भाषणात. भाषणात विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नसतं.

उस्ताद: भाऊजी, ऐका. मी आत्ता जातो साहेबांकडे. घर माहितीय मला त्यांचं. सांगतो, अर्ज चुकून दिला. तुमची खुर्ची तुम्हाला परत.

भाऊजी: माझा राजीनामा मंजूर झालाय. तुझी नेमणूक निघालीय. जावक झालेलं परत येत नाही.

ताई: मग जावक करायचंच नव्हतं! तुमच्याच हातात होतं ना पत्र? ठेवायचं होतं दाबून. फाडून टाकायचं.

भाऊजी: होतं हातात. दोन वाजता. साहेब जेवायला गेले होते, शिपाई चहा आणायला. खोलीत मी आणि ते पत्र.

ताई: मग?

भाऊजी: मग काय? विषय लिहिला. तारीख घातली. आलेलं टपाल मी फाडत नाही. उस्ताद, सही कर.

उस्ताद: कुठे?

भाऊजी: सातशे एकोणनव्वदच्या समोर. पूर्ण नाव. तारीख. वेळही घाल, सहाला दहा कमी. कागद ओला करू नकोस, शाई पसरते.

उस्ताद: केली.

भाऊजी: आता वही तू घेऊन जा.

उस्ताद: मी?

भाऊजी: सोमवारपासून तुझ्याच ताब्यात आहे. मी कशाला ऑफिसची वस्तू घरी ठेवू? आणि ऐकून घे, चार्ज द्यायला मला तिथे पुन्हा यायचं नाही. टेबलाचा डावा खण अडकतो. हाताने ओढायचा नाही, खालून गुडघ्याने ढकलायचा. शिक्क्याची तारीख सकाळी आल्याआल्या बदलायची. चहानंतर बदलू म्हटलंस की संपलं, दिवसभराचं टपाल कालचं होतं. एक बाई दर महिन्याला तक्रार पाठवतात, नळ गळतो म्हणून. नळ दुरुस्त होऊन चार वर्षं झाली. तरी पत्र येतं. नोंदवून घ्यायचं. हसायचं नाही.

उस्ताद: बरं.

भाऊजी: आणि व्यक्तिगत पाकीट उघडायचं नाही. कोणाचंही असो. घरचं असलं तरी.

उस्ताद: नाही उघडणार.

भाऊजी: किल्ली ठेव दुकानाची.

उस्ताद: भाऊजी, संध्याकाळी सहानंतर मी येत जाईन ना. गिऱ्हाइकांना मी सांगीन सगळं. आणि शनिवार-रविवार तर अख्खा दिवस. आपली भागीदारी काय अशी...

भाऊजी: किल्ली.

उस्ताद: ही घ्या. आणि रेकॉर्डी राहू द्या तुमच्याकडे. माझं काय, ऐकून झाल्यात.

भाऊजी: घेऊन जा म्हटलं असतं, तर नेल्या असत्यास?

उस्ताद: घरात जागा नाही.

भाऊजी: मग राहू देत.

उस्ताद: पुढच्या शनिवारी येऊ का?

भाऊजी: ये की. दुकान आहे. पाटी लागली की कोणीही येऊ शकतं. पुसून ठेवलेल्या रेकॉर्डीला बोटं लावू नकोस म्हणजे झालं.

उस्ताद: ताई, येतो गं.

ताई: जा. चहा घेतला नाहीस.

उस्ताद: नको.

भाऊजी: वही खाली धरू नकोस, पाठीमागची पानं सुटी झालीत. छातीशी धर.

उस्ताद: हो.

ताई: ...गेला. जिन्यात थांबलाय. रडतोय वाटतं.

भाऊजी: थांबेल. तीन आठवड्यांच्या आत.

ताई: इतके कसे हो कोरडे झालात?

भाऊजी: मी त्याला खणाचं सांगितलं. कोरडा असतो, तर नसतं सांगितलं.

ताई: माझ्यावर रागावलात?

भाऊजी: त्याच्यावर रागावलो. तो घाबरट आहे, हे मला माहीतच होतं. तुझं मी काही धरून चाललो नव्हतो.

ताई: म्हणजे काय?

भाऊजी: म्हणजे बाहेर सगळीकडे मी बघून पाय टाकतो. घरी बघत नव्हतो.

ताई: ओरडा ना मग. आदळआपट करा. घड्याळ फेका ते. हे असं बोलू नका.

भाऊजी: घड्याळ चालतंय, कशाला फेकू?

ताई: सोमवारी मी येते दुकानात. काउंटरला उभी राहीन. मलाही काही कळत नाही गाण्यातलं, पण दोघं मिळून शिकू की. घरी तरी काय करतेय मी?

भाऊजी: नको.

ताई: मग उघडणारच नाही का दुकान?

भाऊजी: उघडणार. भाडं भरलंय म्हणून नव्हे. सोमवारी सकाळी साडेनऊला मला कुठेतरी जायला हवं, म्हणून. त्या खोक्यातली वरची दे. ती नव्हे, तिच्या खालची. आण इकडे.

ताई: ही? कोणाची आहे?

भाऊजी: आठशे सहा. आणखी काही माहीत नाही. सुई कशी ठेवतात बघू. तो फार नाजूकपणे ठेवायचा, करंगळी वर करून.

ताई: हळू. अहो, हळू! किती कर्कश वाजलं ते!

भाऊजी: कडेला ठेवायला हवी होती. आता बघ. हां. लागली.

ताई: काय आहे हे? ट्रम्पेट का?

भाऊजी: भोंगा नाही, एवढं नक्की.

ताई: चला आता घरी. मुलं वाट बघत असतील, आज तुमचा शेवटचा दिवस म्हणून. उद्या ऐका हवं तर.

भाऊजी: तू हो पुढे.

ताई: थांबते ना मी. संपेपर्यंत बसते इथे, काही बोलत नाही.

भाऊजी: नको. थर्मास ठेवून जा, आणि दार ओढून घे. सोमवारी कोणी आलं आणि विचारलं, तर सांगायला एक तरी ऐकलेली हवी.